हॉर्नला चहा नाही

या आखाती देशात कॅफेटेरियासमोर गाडी उभी करायची, हॉर्न वाजवायचा आणि चहा खिडकीत मागवायचा, ही सगळ्यांचीच सवय. अजमानच्या गॅरेजवाल्या वस्तीत हव्वाबींच्या खाणावळीत मात्र ती चालत नाही. पहिल्या दिवशी मी ऐटीत हॉर्न दिला, तर ओढणीला हात पुसत साठीतली एक बाई बाहेर आली आणि म्हणाली, "काय रे, पाय मोडलाय? यल्ला, चल उतर. आत बस." मी सीनियर अकाउंटंट माणूस. मुकाट्याने उतरलो.

आत एकच लांबलचक टेबल. मला जेवताना बडबड करणारी माणसं आवडत नाहीत, आणि इथे तर वेल्डर, ड्रायव्हर, टायरवाले सगळे एकमेकांच्या ताटात डोकावून गावच्या निवडणुकीवर भांडत होते. परत यायचं नाही असं ठरवून मी घरी गेलो. दुसऱ्या दिवशी परत आलो. बांगड्याचं ते रसदार सालन खाल्ल्यावर माणसाचा ताठा फार टिकत नाही.

हव्वाबी दाभोळच्या खाडीकाठच्या. नवरा खोर फक्कानच्या बंदरातून ट्रेलर आणायचा. आयुष्यभर स्टिअरिंगवर डबा उघडून जेवला आणि एका दुपारी तिथेच गेला. संध्याकाळपर्यंत कुणाला कळलंसुद्धा नाही. "माझ्या दारात गाडीत बसून कोन खायाचा नाय," एवढंच त्यांनी मला एकदा भाकऱ्या थापता थापता सांगितलं. मुलगा नोमान गल्ला सांभाळतो आणि रोज कुरकुरतो, "अम्मी, अख्खी दुनिया पार्सल देते. असं केलंस तर बिझनेस खलास!" बाई ढिम्म.

या टेबलाचा राजा म्हणजे दौलतभाऊ. शेजारच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यातले रिटायर्ड फोरमन, आता शारजात अल मजाजला मुलाकडे राहणारे. त्यांचं हसू रस्त्यापलीकडे ऐकू जायचं. ते अचानक यायचे बंद झाले. न सांगता गावी गेले असणार, असं सगळे धरून चालले. हव्वाबींना ते फार लागलं होतं.

मग एका शुक्रवारी दुपारी, नमाजानंतरच्या ऐन गर्दीत, बाहेर हॉर्न वाजला.

"पाय मोडलाय का रे?" हव्वाबी ओरडतच बाहेर गेल्या. गंमत बघायला मीही मागोमाग गेलो. गाडीची काच खाली झाली. मागच्या सीटवर दौलतभाऊ होते. अर्धा चेहरा ओघळलेला, उजवा हात मांडीवर मेल्यासारखा.

"खाला, पॅरालिसिसचा अटॅक आला," त्यांचा मुलगा राहुल हळूच म्हणाला. "तेव्हापासून घराबाहेर पडले नाहीत. धड जेवतही नाहीत. आज तुमच्या हातचं मागितलं, पण अट घातली, गाडीतून उतरवायचं नाही. कुणी बघायला नको. प्लीज, पार्सल द्या."

दौलतभाऊंनी तोंड फिरवलं.

कुणीही पार्सल दिलं असतं. मी तर दिलंच असतं, वर एक मासा जास्त घालून. हव्वाबी क्षणभर खिडकीवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि आत वळल्या.

"यल्ला, उठा सगळे. टेबल उचला. बाहेर."

"अम्मी, ऊन बघितलंस?" नोमान म्हणाला.

"उन्हात खाऊन कोन मरत नाय. एकटा खाऊन मरतो."

ताटं हातात घेऊन आम्ही उठलो. आठ जणांनी ते टेबल तिरकं करत दारातून काढलं आणि गाडीला चिकटून मांडलं, मागोमाग बाकंही आली. खिडकीशी दौलतभाऊंचं ताट. मग हव्वाबींनी नोमानकडून चमचे मागवले आणि प्रत्येकासमोर एकेक आपटला. "आज सगळ्यांनी चमच्यानं खायाचा." कारण कुणी विचारलं नाही. दौलतभाऊंचा डावा हात सगळ्यांना दिसत होता. गाडीत कुणी टक लावून बघितलं नाही. निवडणुकीचं भांडण जिथे थांबलं होतं तिथून सुरू झालं, आणि दहा-बारा दणकट माणसं चमच्याने बांगड्याचे काटे काढू लागली. इतका गचाळ प्रकार मी जन्मात पाहिला नाही.

या देशात मी ढगात घुसलेले टॉवर पाहिलेत. त्या दुपारी त्या बाईकडे बघताना छाती दडपली तशी कुठेही दडपली नव्हती.

बऱ्याच वेळाने गाडीतून जड, अडखळता आवाज आला. "गाढवांनो... बांगडा... चमच्यानं खातात का?"

कुणीतरी हसलं, मग सगळेच. दौलतभाऊंचा डावा हात दाराचं हँडल चाचपडू लागला. राहुल मदतीला धावला, तर हव्वाबींनी त्याची बाही धरून ठेवली. दोघांनी टेबल हातभर मागे ओढलं आणि दार उघडलं. एक पाय बाहेर आला, वाळूवर टेकला. दुसरा त्यांनी हाताने उचलून ठेवला.

हव्वाबी माझ्याकडे वळल्या.

"तू जरा सरक," त्या म्हणाल्या.

मी सरकलो.