परत जवळ जाण्यासाठी

कुणी कुणाच्या चांगुलपणाची गोष्ट सांगितली की उमाटे सर ती शेवटपर्यंत ऐकून घेत आणि विचारत, "तवा पाहत कोन होतं?" वर्ध्याच्या कॉलेजात त्यांनी मला प्राणिशास्त्र शिकवलं होतं, पुढे आम्ही एकाच लेआउटमध्ये शेजारी झालो. या प्रश्नापायी पंगतीत त्यांच्याशेजारी बसणं लोक टाळत.

त्यांना कुत्सित समजणं मात्र चूक होतं. एका उन्हाळ्यात चौकात पाणपोई लागली. माठांपेक्षा देणगीदाराचा फोटो मोठा. मी हसलो. सर पोटभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "पाणी थंड आहे ना? मंग लावू दे बापा फोटो. माणूस कळपात वाढला. चार लोकाईनं चांगलं म्हनावं, हे त्याच्या हाडात आहे. त्याच्यातूनच माठ भरते."

दया, लाज, संताप हे सगळं आपल्याला फार जुन्या माणसांकडून आलं, असं ते शिकवत. एकट्यानं जगणं शक्य नव्हतं; जे एकमेकांना धरून राहिले ते टिकले आणि आपण त्यांची लेकरं. मग देव कशाला, असं सरांच्या बायकोनं, काकूंनी, एकदा पूजा करता करता विचारलं. "तो विषय तुह्याकडं," सर म्हणाले.

माझा धाकटा भाऊ नंदू आंजीला शेती करतो. त्याच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा, माझी घ्या, असं मी आपण होऊन म्हणालो. तपासण्या सुरू झाल्या आणि माझी झोप उडाली. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की तुम्हाला साखरेचा आजार आहे, तुमची किडनी घेता येणार नाही. मी बाहेर आलो, टपरीवर तर्री-पोहे मागवले आणि चवीनं खाल्ले. कितीतरी दिवसांनी भूक लागली होती. नंदू फोनची वाट पाहतोय हे मला माहीत होतं. प्लेट संपल्यावर मी त्याला फोन लावला आणि दुःखी आवाजात बातमी दिली.

हे मी फक्त सरांना सांगितलं. जीव जपणं हा निसर्गच आहे, असं ते म्हणतील आणि मी सुटेन, या आशेनं गेलो होतो. ते तसं म्हणालेही. "जीव वाचला म्हनून जीवाले आनंद झाला. ते लय जुनं आहे. त्याच्यात तुहा काई दोष नाई." माझा चेहरा सैल झालेला त्यांनी पाहिला असावा. "पण कुठून आलं ते सांगतलं म्हंजे बरोबर झालं, असं मी म्हनलं काय? फोन उशिरा केला, तो तूच केला."

मला रडू आलं. त्यांनी रडू दिलं. मग नंदूला डायलिसिसला कोण आणतं, असं विचारलं. एसटीनं एकटाच येतो, मी म्हणालो.

"हे तुह्या पोटात तुटून राह्यलं ना, ते रडासाठी नाई. ज्याले दुखवलं त्याच्याजवळ परत जासाठी आहे. गाडी आहे ना तुह्यापाशी?"

तेव्हापासून मी नंदूला आंजीहून सावंगीच्या दवाखान्यात डायलिसिसला नेतो आणि परत सोडतो. सर फाटकाशी दिसले की विचारत, "सांगतलं त्याले?" मी नकारार्थी मान हलवी. ते रागावत नसत. गाडी तर चालू आहे, एवढंच म्हणत.

या हिवाळ्यात सर झोपेतच गेले. अंगात त्राण नसताना नंदू हट्टानं अंत्यविधीला आला. त्याला सोडायला जाताना मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि सगळं सांगून टाकलं, पोह्यांसकट. तो समोरच्या कपाशीकडे पाहत म्हणाला,

"मले तवाच समजलतं, दादा. राग आलता लय. पोह्याचं तं मले माहीतच नव्हतं. तू दुःखी झाल्यासारखा बोलला, त्याचा राग. मोकळा बोलला असता तं म्याही म्हनलं असतं, बरं झालं, घरात एक तरी धड राह्यला."

मी गाडी सुरू केली. घरापाशी तो उतरला. त्यानं दार लावलं आणि खिडकीत वाकून म्हणाला,

"शुक्रवारी लवकर येजो. मागच्या खेपेले मशीन उशिरा भेटली."