कॅफिन नसलेले डबे

मला त्या सकाळचं सगळं आठवतं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, डॉक्टरांनाही नाही.

आमची बाग कातळावर आहे. खड्डे फोडून, बाहेरून माती आणून भरून कलमं लावलेली. कातळावर शिडीचे पाय रुतत नाहीत, म्हणून आंबे काढताना खाली एकाने शिडी धरायचीच. वरचा फांदीवर नीट पाय रोवतो, मग खालच्याला म्हणतो, "सोड." तोवर खालच्याने हात काढायचा नाही. आमच्याकडे हे लहानपणापासून अंगात भिनलेलं.

त्या दिवशी धाकटा भाऊ खाली होता. लोटे एमआयडीसीतल्या कारखान्यातून आंब्यासाठी रजा काढून आलेला. रस्त्यावर टेम्पोवाला सारखा हॉर्न वाजवत होता. माझे दोन्ही पाय अजून शिडीवरच होते, तरी मी म्हणालो, "सोड, पेट्या चढव जा." तो वळला आणि शिडी घसरली. डोकं कातळावर आपटलं.

दवाखान्यात शुद्ध आली तेव्हा माझी बायको त्याला विचारत होती, "भावजी, शिडी सोडलीत कशाला?" तो माझ्याकडे बघत राहिला. मी डोळे मिटले. मागाहून म्हणालो, मला काही आठवत नाही. डोक्याला मार लागलेला, त्यामुळे सगळ्यांना ते पटलं.

आता तिसरं वर्ष चाललंय. चालतो, बोलतो, बाहेरून धडधाकट दिसतो. पण मिक्सर लागला, त्यात दोघं एकदम बोलली, की डोकं विझतं. पेटीतले आंबे मोजताना तिसऱ्या डझनाला पुन्हा पहिल्यापासून. आडवा झालो तर झोप नाही, उठलो तर उभं राहवत नाही. पडवीत येरझाऱ्या घालतो, बसतो, परत उठतो. चहाने तरतरी यायची, पण रात्रीची झोप जायची आणि पुढचा दिवस फुकट. डॉक्टरांनी चहा, कॉफी बंद केली.

तेव्हापासून भाऊ सुट्टीला येताना डबे आणतो. शक्तिवर्धक पेयं, पण कॅफिन नसलेली. डब्यावरची बारीक अक्षरं आधी स्वतः वाचतो, मग डॉक्टरांना फोटो पाठवून विचारतो. पहिलं खोकल्याच्या औषधासारखं लागलं. दुसऱ्याने लघवी पिवळीधमक झाली, बाकी काही नाही. तिसऱ्यात साखरच साखर. अर्धा तास वाटलं, जुना मी परत आलो, आणि मग सोप्यावर असा कोसळलो की जेवायलाही उठलो नाही. डॉक्टर म्हणाले, बाटलीतून मिळेल असं यात काही नाही. थकायच्या आधी थांबायला शिका. भावाला मात्र मी दर वेळी सांगतो, थोडा फरक वाटतो. फळीवर डब्यांची रांग लागली. बायको म्हणते, "आता दुकानच घाला, गल्ल्यावर बसायला जमेल तुम्हाला."

गेल्या महिन्यात तो पाचवा प्रकार घेऊन आला. लिंबाच्या चवीचा. डबा फोडून माझ्या हातात दिला आणि पायरीवर बसला.

"दादा, खरंच काय आठवत नाय तुला?"

"नाय."

"मला कधी कधी वाटतं, तू सोड म्हणालेलास." मग स्वतःच मान हलवली. "पण तसं नसणार. माणसाला सुटायचं असतं, म्हणून कायबाय ऐकू येतं."

मी डबा तोंडाला लावला आणि संपेपर्यंत काढला नाही. तो माझ्या गळ्याकडे बघत होता. "लागू पडतोय काय हा?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "हा बराय."

पुढच्या शनिवारी तो त्याच प्रकारचे डझनभर डबे घेऊन येणार आहे. त्या अपघातानंतर त्याने एकदाही शिडीला हात लावलेला नाही. काढणीच्या दिवसांत बागेच्या दगडी गडग्याबाहेर उभा राहून पेट्या बांधतो. बायको त्याला वाढते, पण त्याच्याशी जेवढ्यास तेवढंच बोलते.

"सोड" मीच म्हणालो होतो. हे बायकोच्या देखत, त्याच्या तोंडावर सांगणं, एवढं देणं मी त्याला अजून लागतो.