चिठ्ठी घेऊन गेलेली माणसे

चाळिशी जवळ आल्यावर आम्ही मूल व्हावे म्हणून उपचार घ्यायला निघालो, आणि निघालो ते चेअरमनसाहेबांची चिठ्ठी घेऊन. माझे यजमान त्यांच्याच सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. आमच्या भागात दवाखान्याची माहिती कोणी काढत नाही, ओळख काढतात. शहरातल्या डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली आणि ते हसून म्हणाले, "साहेबांची माणसं म्हणजे आमच्या घरचीच. तुम्ही आता कसलाच विचार करायचा नाही."

आम्ही विचार खरोखरच केला नाही. मी माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवत असे. बीजांडाची आकृती पुस्तक न पाहता फळ्यावर काढत असे. परंतु माझ्या शरीरातून किती बीजे काढली, त्यांतली किती फळली, आत काय ठेवले, हे विचारायला माझी जीभ उचलली नाही. विचारणे म्हणजे साहेबांच्या शब्दावर अविश्वास दाखवणे, असे दोघांनाही वाटत होते. दोन आठवड्यांनी तपासणी झाली आणि परिचारिकेने 'नाही' एवढेच सांगितले. परतताना मांजरसुंब्याला बस बदलायची होती. चहा समोर निवत असताना यजमान म्हणाले, "आपण काही विचारायला हवं होतं का?" मी मान हलवली, होकाराची की नकाराची, ते मलाही सांगता आले नसते.

ते दुष्काळाचे वर्ष होते. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणत असे, आपली म्हैस घेऊन दूध संघाच्या चारा छावणीत राहायला गेल्या होत्या. रविवारी आम्ही त्यांना भाकरी पोहोचवायला गेलो, तेव्हा म्हैस माजावर आली होती आणि संघाचा कृत्रिम रेतन करणारा माणूस वीर्याच्या कांड्यांची पेटी उघडून बसला होता. त्याला सगळे डॉक्टरच म्हणत.

"कोन्च्या रेड्याची कांडी हाय ही?" आत्यांनी विचारले.

"चांगल्या रेड्याची हाय, आजी. मुऱ्हा जातीच्या."

"मुऱ्हा तर समदेच म्हंत्यात. नंबर दाव कांडीवरचा. अन् मागच्या बारीला तुमीच भरवली, ती उलटली, गाभच ऱ्हायली न्हाई. कावून उलटली?"

"आता कावून म्हंजे... उन्हाळा हाय, आजी. डुंबायला पानी न्हाई."

"मंग आज काय पाऊस पडायलाय? आजबी उन्हाळाच हाय!"

शेजारच्या दावणीवरचे गडी खदखदून हसले. एक जण म्हणाला, "डाक्टर, पळा आता. म्हातारी वकील हाय."

"हसा बे," आत्या म्हणाल्या. "म्हशीला बोलता येत न्हाई, म्हून मला इचारावं लागतंय."

त्या माणसाने मुकाट्याने नंबर वाचून दाखवला. पुढे त्याने हेही कबूल केले की आज उपयोग होईल असे त्यालाही वाटत नाही, थंडी सुरू होईपर्यंत थांबलेले बरे. आत्यांनी म्हैस मागे बांधली. मग हात धुता धुता त्यांनी मला हळूच विचारले, "तुझं कावून राह्यलं न्हाई? काय म्हन्ला डाक्टर?"

"मी विचारलं नाही, आत्या."

"इचारलंच न्हाई?" त्यांनी पदराला हात पुसले. रागावल्या असत्या तर मला सोपे गेले असते.

त्या आठवड्यात मी एका वहीत प्रश्न लिहिले. बोलताना माझा आवाज जातो हे ठाऊक असल्याने वहीच शहरातल्या डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी ती न उघडता परत सरकवली. "कशाला डोक्याला ताप करून घेता? साहेबांशी बोलतो मी." आमच्या कागदांच्या प्रती मागितल्या, तर फाईल दवाखान्यातच असते, असे उत्तर मिळाले.

दुसऱ्या दवाखान्यात आम्ही चिठ्ठीशिवाय गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी वही हातात पेन घेऊन वाचली. एका प्रश्नाशी त्या थांबल्या: माझ्या वयाच्या स्त्रियांपैकी किती जणी येथून मूल घेऊन घरी जातात? "गर्भ राहणं आणि मूल घरी नेणं, या वेगळ्या गोष्टी आहेत," त्या म्हणाल्या. "तुमच्या वयात बहुतेक जणी रिकाम्या हातांनी जातात. हे ऐकून मग ठरवा." आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. यजमान म्हणाले, "एकदा. कळून-सवरून एकदाच."

ती खेपही फळली नाही. परंतु बाईंनी आम्हांला बोलावून सगळे समजावून सांगितले. पाच बीजे निघाली होती. दोन गर्भ पाचव्या दिवसापर्यंत वाढले होते, त्यांतला एक वाढीत किंचित मागे होता. दोघांचे छायाचित्र त्यांनी कागदांसोबत दिले. ते माझ्या कपाटात आहे. मी ते क्वचितच काढते, पण मागे राहिलेला कोणता, ते मला अजून ओळखता येते.

पहिल्या खेपेला माझ्या आत असे कोणी होते की नव्हते, हे मात्र मला कधीच कळणार नाही. डोळे मिटून मी त्यांना आठवू पाहते, आणि समोर काहीच येत नाही.