हात न टेकता

सगुणा गेली हे मला तिची सून सुनीता हिने अंगणातूनच ओरडून सांगितलं. "मोठ्या आत्या, आमच्या आत्या उठंनात वो…" झोपेतच गेली होती. मी थोरली जाऊ, ती धाकटी. आधी नंबर माझा होता. पण रांगेत थांबायची तिला सवयच नव्हती. आता महिना होऊन गेला.

वेल्ह्याकडची, डोंगरातली पोर. भोंगवलीत नांदायला आली तेव्हा भाताचं पोतं एकटी पाठीवर टाकायची. पन्नाशीत पाळी गेली तेव्हा म्हणाली, "सुटले गं बाई!" त्याच सुमाराला सून आली आणि आमच्याकडे सासूला मान देतात तसा हिलाही मिळाला. डोक्यावरचा हंडा काढून घेतला, पाट्यावरचं वाटण मिक्सरवर गेलं, "आत्या, तुमी बसा." सगुणा बसली, ती वर्षानुवर्षं बसलीच. मग एका लग्नात पंगतीतून तिला उठताच येईना. दोघींनी बगलेत हात घालून उठवलं. पुढच्या लग्नात तिच्यासाठी आधीच खुर्ची मांडलेली. येताना टेम्पोत ती एवढंच म्हणाली, "आज खुर्ची, उद्या संडासला धरून न्हेतील."

दुसऱ्या दिवशी मला घेऊन ती नसरापूरला डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी आम्हाला समजेल असं सांगितलं. पाळी गेली की अंगातलं इस्ट्रोजेन कमी होतं, मग हाडं आणि स्नायू लवकर झिजायला लागतात. चालणं चांगलंच, पण स्नायूंना ओझंही लागतं, आणि जेवणात डाळ, अंडं.

"म्हंजी पाळीसंगं ताकदबी गेली व्हय?"

"कमी झाली. कामाला लावली तर बरीचशी परत येईल. पण हळूहळू."

झालं. मिक्सर आल्यापासून रिकामा पडलेला वरवंटा हिनं छातीशी धरला आणि कॉटवरून उठबस सुरू केली. कॉट जमली तशी ओट्याची पायरी, मग पाट. आळीतल्या बायका हसायच्या, "काय वो, कुस्तीला जायचंय का?" ही म्हणायची, "तूच ये की धरायला! तुजी पाळी काय जलमभर ऱ्हानार हाय?" सुनीताला वेगळीच काळजी, लोक म्हणतील सून सासूला दगड उचलायला लावते. सगुणा ऐकणारी नव्हती. चिडकी होती, गुडघे दुखले की सगळ्या घराला बोलायची, पण सोडलं नाही. बरेच महिने गेले… आणि भाच्याच्या लग्नात तिनं मांडलेली खुर्ची पायानं सरकवली, मांडी घालून पोटभर जेवली आणि हात न टेकता उठली. वर मला म्हणाली, "आक्का, तुमाला देऊ का खुर्ची?"

तिच्या तेराव्याला सुनीतानं खुर्ची मांडली, माझ्यासाठी. "उचल ती," म्हटलं. खाली बसले. उठताना दोन्ही हात टेकावे लागले, वेळही लागला, पण तिला धरू दिलं नाही.

वरवंटा अजून सगुणाच्या कॉटखाली आहे. सुनीताची पाळी हल्ली मागंपुढं व्हायला लागलीय. झाडताना ती तो उचलते, आणि लगेच खाली ठेवत नाही.