गुलाबांच्या वाफ्याखालची टाकी

वहिनी घरी शिवणकाम करत. तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे बोलणं मोजकं. त्या दिवशी मात्र त्यांनी टाचण्या काढून ठेवल्या आणि धाकट्या दिरासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

मागच्या बागेत मैल्याची जुनी टाकी होती. आत दोन कप्पे, वर तोंड एकच. दुसऱ्या कप्प्यावर दिरांनी गुलाबांचा वाफा केलेला. वाफ्याला कुणी हात लावायचा नाही, हा घरचा कायदा. म्हणून टाकी उपसताना दर वेळी माणूस आत उतरायचा आणि मधल्या भिंतीवरून पलीकडचा गाळ ओढायचा. यंदा उतरलेला आतच कोसळला. कमरेला दोर होता, म्हणून त्याला वर ओढता आलं. डोळे पांढरे झालेले. वहिनींनी अस्तराच्या कापडाने त्याचं तोंड पुसलं. वाचला, एवढंच.

आणि दीर म्हणत होते, “वाचला ना? मग झालं तर. पुढच्या वेळी जरा धडधाकट बघू.”

वहिनींच्या अंगाची लाही लाही झाली.

“पुढच्या वेळी तुम्हीच उतरा, भावोजी.”

“काहीतरीच काय, वहिनी! माझी कंबर...”

“तुमची ती कंबर, आणि त्याचा जीव म्हणजे काय चिंधी? वाफा हलवा आणि तिथे टाकीला दुसरं तोंड पाडा.”

“अहो, बागेत पाहुणे येतात. त्यांना काय गटाराची झाकणं दाखवू?”

“दाखवा की! पाहुण्यांच्या पोटात काय अत्तर असतं?”

स्वयंपाकघरात जाऊबाई खुदकन हसल्या.

वहिनींनी गुलाब स्वतः उपटले आणि कुंपणाशी लावले. गवंड्याकडून दुसऱ्या कप्प्यावरही तोंड पाडून घेतलं. दोन्ही तोंडांना जमिनीच्या वीतभर वर येणारे विटांचे कठडे, वर काँक्रीटची जड झाकणं, झाकणांना कुलपं. आता मैला उपसणाऱ्या गाडीचा पाइप वरूनच दोन्हीकडे पोचणार होता. आत कुणी उतरायचं कारणच उरलं नाही. दिरांनी अबोला धरला. धरू देत, वहिनी म्हणाल्या.

पुढे एकदा पाहुणे यायचे होते. वहिनी सकाळी बागेत गेल्या. दोन्ही झाकणं कुंड्यांनी गच्च झाकलेली. पुन्हा तेच! अजून काही वर्षांनी वर वाफा झाला असता आणि खाली माणूस.

त्यांनी एकेक कुंडी उचलून दिवाणखान्यात नेली. आधी दिरांच्या आरामखुर्चीवर, मग सोफ्यावर. मातीसकट.

“वहिनी!” दीर किंचाळले. अबोला सुटला. “पाहुणे बसणार कुठे?”

“बागेत,” वहिनी हात झटकत म्हणाल्या. “झाकणं बघत.”