पेणच्या काकींचा कुकर

पेणच्या काकी बिस्किटांचा पुडा घेण्याआधी कानाला लावून हलवायच्या. डॉक्टर छातीला नळी लावतात तितक्या गंभीर चेहऱ्याने. आत बिस्किटं खुळखुळली की पुडा परत फळीवर. "येवढं मोठं पाकीट नि आत अर्धा वारा," त्या म्हणायच्या. "वारा आमच्या खाडीवर फुकट हाय." मार्टमधली माल लावणारी मुलं सुरुवातीला हसली. पुढे पुढे नवीन माल आला की तीच मुलं पुडा घेऊन त्यांच्याकडे यायला लागली.

काकी राहायच्या रोह्यात, आमच्या घरासमोर. माहेर पेणजवळच्या खाडीकाठचं, घरचं मिठागर असलेलं. लग्न होऊन रोह्याला आल्या, मुलगा मोठा झाला, केस पिकले, तरी गल्लीने त्यांना पेणच्याच ठेवलं. काका नागोठण्याच्या कंपनीत शिफ्टला जायचे. मी इथल्या कॉलेजात मराठी शिकवतो. माझ्या दारावर 'प्राध्यापक' अशी पितळी पाटी आहे. ती काकींनी पहिल्याच दिवशी वाचली आणि मला मास्तर म्हणायला सुरुवात केली.

पेणला तो मोठा मार्ट निघाल्यापासून काकींचा शनिवार ठरलेला होता. सकाळची एसटी पकडून पेणला जायचं, मार्ट पालथा घालायचा, जमलं तर माहेरी डोकावायचं आणि दुपारपर्यंत कापडी पिशव्या घेऊन परत. पावसात नागोठण्याला पाणी भरलं आणि गाड्या बंद झाल्या, तरच खाडा. रोह्यात दुकानं नाहीत असं नाही. पण त्यांना हवा असायचा मार्टचा स्वतःचा माल: मैदा, कोको, दुधाची पावडर, टुटीफ्रुटी, ज्यांच्या साध्या पाकिटावर कंपनीऐवजी त्या दुकानाचंच नाव असतं. लोक ही पाकिटं जरा लपवूनच टोपलीत टाकतात. काकी ती वर ठेवायच्या.

"टीव्हीवर नाचणाऱ्या बाईचा पगार पाकिटातूनच जातो ना," त्या मला समजावायच्या. "ह्याच्यात कोणी नाचत नाय. नि माल वाईट निघाला तर ह्याचं दार मना ठाऊक हाय. त्या बाईचं दार कुठं शोधू?"

हे दार त्या खरंच गाठायच्या. मार्टच्या बेकिंग पावडरने केक फुगेना तेव्हा त्यांनी तो केक डब्यात घालून पेणला नेला आणि मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. "ही तुमची पावडर हाय. खाऊन बघा." त्याने घासभर खाल्ला आणि पाणी मागितलं. म्हणजे त्या मार्टच्या भक्त होत्या असं नव्हे. मार्टचा कोको पास, कस्टर्ड पावडर पास, सॉस नापास, "टोमॅटो नाय, भोपळा लाजून लाल झालाय". मी उभ्या आयुष्यात पुष्कळ पुस्तकपरीक्षणं वाचली. त्यांतल्या फार थोड्या परीक्षकांनी पुस्तक असं हलवून पाहिलं असेल.

त्या भाजायला लागल्या त्याला कारण एक पत्रा. पूर्वी आमच्याकडे दिवाळीच्या आधी बायका रवा, साखर, तूप घेऊन बेकरीत जायच्या, नानकटाईचे गोळे पत्र्यावर मांडायच्या आणि भट्टीपुढे नंबर लावून बसायच्या. एका दिवाळीत काकींचा पत्रा बदलला. त्यांनी घातलं होतं घरचं तूप, हातात आली वनस्पती तुपाची नानकटाई. ज्या बाईकडे त्यांची गेली ती काही परत द्यायला आली नाही. "वास घेऊन तिला कळलं असेलच की," काकी कितीतरी वर्षांनी म्हणाल्या. "म्हणूनच आली नाय." त्यानंतर त्यांनी भट्टीचं तोंड पाहिलं नाही. कुकरची शिटी आणि रबर काढलं, तळाला मिठाचा थर पसरला, त्यावर ताटली ठेवली आणि घरीच भाजायला घेतलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी मिठागराच्या घरातली बाईच करेल अशी चूक केली. बाकीच्यांनी दुकानातलं बारीक, कोरडं मीठ घातलं असतं. काकींनी भावाने दिलेल्या पोत्यातलं खडे मीठ ओंजळीने घातलं. त्यांच्या दृष्टीने मीठ म्हणजे तेच, बाकी सगळं पावडर. खड्यांच्या पोटात खाडीचं पाणी असतं, ते आधी तव्यावर भाजून काढावं लागतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. कुकर तापला तसे खडे लाह्यांसारखे फुटायला लागले. झाकण नाचलं. काका रात्रपाळी करून झोपले होते, ते उठून दारात येऊन उभे राहिले. नानकटाईवर मीठ उडून बसलं होतं. काकांनी एक उचलली, खाल्ली, दुसरी उचलली.

"खारी केलीस ती बरी केलीस," ते म्हणाले आणि परत जाऊन झोपले.

काकींच्या नानकटाईत पुढे कायम चिमूटभर मीठ राहिलं.

नानकटाईवरून त्या केकवर गेल्या. केक साधा: वर फूल नाही, नाव नाही, क्रीम नाही. गल्लीतल्या एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला कार्यकर्ते मोठा केक सांगायला आले. तलवारीने कापायचा होता.

"खाणार कोण?" काकींनी विचारलं.

"काकी, खातात कसले. साहेबांच्या तोंडाला लावायचा असतो."

"मग चुना न्या."

ते हसत गेले आणि पेणहून तीन मजली केक घेऊन आले. दुसऱ्या दिवशी त्याचे दोन मजले गटारात होते. काकी झाडू मारताना त्याकडे बघत होत्या. त्या ज्यावर बोलत नसत ते प्रकरण फार वाईट असे.

काका गेले त्याच्या पुढच्या वर्षी ते घडलं. काकींनी केक लावला आणि दारावर आलेल्या भाजीवालीशी बोलायला बाहेर गेल्या. बोलणं लांबलं. माझ्या बायकोला त्यांच्या खिडकीतून धूर दिसला तोवर केकचा कोळसा झाला होता, कुकरचा दांडा वितळला होता आणि खिडकीच्या पडद्याने पेट घेतला होता. तो आम्ही बादलीभर पाण्याने विझवला. गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. काकी पाणी पुसत होत्या तेवढ्यात पुण्याला सुधीरला फोटो पोचला होता.

सुधीर त्यांचा एकुलता मुलगा. संध्याकाळी ताम्हिणी घाट उतरून तो दारात हजर झाला.

"आई, चल पुण्याला. आता बास झालं."

"नि तिथं काय करू? लिफ्ट वर गेली, लिफ्ट खाली आली, बघत बसू?"

"इथं तरी काय करतेस?"

"इथं मी माझ्या घरात हाय."

तो बराच वेळ बोलला. तो वाईट बोलत नव्हता, घाबरला होता. काकीही घाबरल्या होत्या, पण त्यांची भीती वेगळी होती. घराला लागलेली आग विझली होती. घर सुटण्याची भीती आता सुरू झाली होती. शेवटी तह झाला. भाजी-भात गॅसवर करायचा, कारण त्यासमोर उभं राहावं लागतं. भाजायचं मात्र विजेच्या ओव्हनमध्ये, जो वेळ संपली की टिंग करून आपोआप बंद होतो. पुन्हा कुकरमध्ये केक लावलेला कळला तर घराला कुलूप आणि आई पुण्यात. काकींनी मान डोलावली. पुढच्या आठवड्यात ओव्हन आला. तो मोठ्या नावाचा होता, खोक्यावर हसणारी बाई होती. काकींनी ती बाई भिंतीकडे वळवून ठेवली.

त्यांनी प्रयत्न केलाच नाही असं मी म्हणणार नाही. पहिला केक वरून करपला, आतून कच्चा. दुसऱ्याला अर्ध्यात वीज गेली आणि तो जो बसला तो उठला नाही. तिसऱ्याला पुन्हा वीज गेली. चौथ्या वेळी मी गेलो तर गॅसवर कुकर होता.

"मास्तर, बघितलंत तसं विसरा," काकी म्हणाल्या.

तेवढ्यात सुधीरचा फोन आला. तो रोज संध्याकाळी यायचा. "काय करतेस?" "केक." "ओव्हनमध्ये ना?" काकींनी एका हाताने रिकाम्या ओव्हनची वेळेची चावी थोडी पिळली, मग फोन त्याच्याजवळ नेला. टिंग. "ऐकलास?" त्या म्हणाल्या. "झाला बघ." मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होतो. अशा रीतीने मराठीचा एक प्राध्यापक कटात सामील झाला.

पण सुधीरला फसवलं तरी काकींनी स्वतःला सूट दिली नव्हती. त्यांनी एक नियम केला. कुकरखाली गॅस पेटला की समोर स्टूल घेऊन बसायचं, केक उतरेपर्यंत उठायचं नाही. दार वाजलं तर ओरडायचं, "आत ये गो." भाजीवाली टोपली घेऊन स्वयंपाकघरात यायची. माझी बायकोही तिथेच जाऊन बोलत बसायची. टपालवाला, मीटर बघणारा, वर्गणीवाले, सगळे स्वयंपाकघरातच. वर्गणीवाल्यांना केकचा तुकडा मिळायचा, वर्गणी दुसऱ्या दिवशी. भाजत नसताना ओव्हनमध्ये मार्टची पाकिटं असायची. झुरळं शिरत नाहीत, एवढा एक गुण त्या त्याच्यात मानत.

हे काही वर्षं चाललं. मग एका शनिवारी दुपारी काकी आमच्याकडे आल्या आणि न सांगता खुर्चीवर बसल्या. पेणहून आणलेली पिशवी मांडीवर तशीच होती. बायको पाणी घेऊन आली.

"सकाळी कुकर तापत ठेवला," त्या म्हणाल्या. "मीठ गरम व्हायला. पीठ कालवून भांड्यात घातलेलं. तेवढ्यात वाटलं, एसटी चुकेल. नि गेले."

"गॅस?"

"चालू. आता येऊन बंद केला. पीठ ओट्यावर तसंच होतं, वर साय धरलेलं. कुकरचा तळ वाकडा झालाय."

"काही पेटलं नाही ना?"

"मिठाला काय पेटायचंय? धूर नाय, वास नाय. कोणाला काय कळलं नाय."

मी म्हणालो, "मग सोडा काकी. होतं असं कधी. आम्ही काही ग्रुपवर टाकणार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओव्हनमधून पहिला केक काढल्यावर त्याच्याकडे जसं पाहिलं होतं, तसंच.

"मास्तर, मागल्या वेळी मी बोलत बसले म्हणून झालं. बोलत बसणं माझ्या हातात हाय, म्हणून स्टूल घेतलं. आज मना आठवलंच नाय. पेणला मैद्याजवळ उभी होते, घरी पीठ कालवून ठेवलंय हे पण आठवलं नाय. त्याला स्टूल काय करणार?"

मग त्यांनी माझ्याच फोनवरून सुधीरला फोन लावला. मी बाहेर जायला उठलो, त्यांनी हाताने बसवलं. सगळं सांगितलं, कुकरसकट. तिकडून तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. "नाय, कोणी बोललं नाय मना," एवढं काकी म्हणाल्या. "मीच सांगते. रविवारी गाडी घेऊन ये."

मी निरोपसमारंभ पुष्कळ पाहिले आहेत. खुर्ची सोडायच्या वेळी माणसं आणखी वर्षभराची मुदतवाढ मागतात, ती मिळाली नाही की सत्कार घेतात आणि भाषणात म्हणतात, आता नव्यांना संधी. ज्याला कोणी ऊठ म्हटलं नाही आणि जो उठला, असा माणूस मी कॉलेजात पाहिलेला नाही. काकींच्या निरोपाला आम्ही दोघं, भाजीवाली आणि मार्टची बिस्किटं होती.

सामान गाडीत ठेवताना सुधीर आणि मी ओव्हन उचलला. आत पाकिटं खडखडली. त्याने दार उघडून पाहिलं, दाराच्या दांड्यावरचं प्लास्टिकसुद्धा पुरतं निघालं नव्हतं.

"तुला आधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"सर, मी कुकरच्या बाजूला बसून मोठा झालोय. केकला किती वेळ लागतो ते मना कळत नाय? 'लावलाय' म्हणायची नि लगेच टिंग."

"मग बोलला का नाहीस?"

तो ओव्हन डिकीत सरकवत होता. "टिंग ऐकली की मना कळायचं, आई स्वयंपाकघरात उभी हाय. नि मना फसवण्याइतकं डोकं चालतंय. मी कशाला बोलू?"

पुण्यात काकी पुढे दोन पावसाळे राहिल्या, सुनेच्या हातचं जेवल्या, तिथल्या मार्टचा माल तपासून फोनवर निकाल कळवत राहिल्या. पण चुलीपुढे गेल्या नाहीत. तिकडेच त्या वारल्या.

मला आठवतो तो रविवार. कुलूप हातात घेऊन काकी दारातून परत आत गेल्या आणि गॅसची कळ बघून आल्या. मग म्हणाल्या, "सुध्या, तू बघ." तो जाऊन बघून आला. त्यांना ते पुरलं नाही. "मास्तर, तुम्ही पण बघा." मी गेलो. कळ बंद होती, सिलिंडर बंद होता, ओटा पुसलेला होता. मी हात लावून बघितलं आणि बाहेर येऊन सांगितलं. तेव्हा त्यांनी कुलूप लावलं.