म्हाताऱ्या पिंपाची किल्ली

ओनोरीननं सकाळपासून तिसऱ्यांदा हात धुतले. तो आंबट वास हाताला नव्हताच, डोक्यात होता.

खाली चौकात ढोल घुमायला लागले होते. आज वाइनची जत्रा. खोऱ्यातली पाच गावं लोटणार, चीज वितळवायला निखारे पेटणार, आणि बारा वाजता गावकीच्या तळघरात म्हातारं पिंप उघडणार. एकशे चौतीस वर्षांत ते एकदाही रिकामं झालेलं नव्हतं. जत्रेला त्यातून दोन चंबू काढायचे, थोडी लाकडातनं आटायची, आणि वसंतात शेजारच्या धाकट्या पिंपातली वाइन ओतून ते पुन्हा काठोकाठ भरायचं. पणज्यांनी भरलेला थेंब अजून त्यात आहे, असं गाव मानायचं.

त्या तळघराची किल्ली बापामागं ओनोरीनकडं आली. बाईच्या हाती ती पहिल्यांदाच गेली होती, त्यामुळं बारा वर्षं झाली तरी कुजबूज काही थांबली नव्हती. तीस वर्षं टपालाची पिशवी पाठीवर टाकून बर्फातनं डोंगर चढलेली बाई ती. हिमकडा कोसळताना दोनदा डोळ्यांनी पाहिलेला. तेव्हा घाबरली नव्हती एवढी या एप्रिलापासनं घाबरली होती.

ओतण्याआधी दोन्ही पिंपांची चव घ्यायची, असा नेम. एप्रिलात तिला सर्दीनं धरलं होतं. नाक चोंदलेलं, जिभेला पाणी काय आणि वाइन काय. कुणाला तरी बोलवायला हवं होतं. पण 'बाईला जमेना' हे ऐकायचं नव्हतं, म्हणून चव न घेताच तिनं दोन बादल्या ओतल्या. आठवड्यानं नाक मोकळं झालं, तिनं धाकट्याचं बूच काढलं. आत वाइन आंबून निव्वळ शिरका झाला होता.

म्हाताऱ्याच्या बुचाला नाक लावायची हिंमत तिला तेव्हापासून झाली नाही. रोज किल्ली घेऊन दारापर्यंत जायची आणि तशीच माघारी फिरायची.

"मावशी, नवरीसारखी नटतेस काय?" गावप्रमुख व्हिताल दारातनं ओरडला. "बासीलकाका पायऱ्यांवर येऊन बसलेत. म्हणतात, आता उशीर केला तर वर देवाकडं जाऊनच पितो."

तळघरात वीसेक माणसं दाटीनं उभी होती. पहिला पेला गावातल्या सगळ्यात वयस्काचा. यंदा तो मान एक्याण्णव वर्षांच्या बासीलचा होता. ओनोरीननं तोटी फिरवली. चंबू भरला, पण पेल्यात ओतताना काचेवर टकटक वाजू लागलं.

"थरथरायचं काम माझं," बासील म्हणाला. "तू कशाला करतेस पोरी?"

लोक हसले. त्यानं पेला उचलला तसा ओनोरीननं त्यावर तळवा ठेवला.

"थांबा काका. मी चव न घेता भरलंय. धाकट्याचा शिरका झाला होता."

हसू जागीच विरलं. व्हिताल पांढराफटक पडला. "आणि हे आज सांगतेस?"

"भ्याले होते."

"टपालवालीच्या हातात पिंप दिल्यावर दुसरं काय होणार," मागून कुणीतरी पुटपुटलं.

बासीलनं तिचा हात बाजूला सारला आणि घोट घेतला. तो गालात सावकाश घोळवला.

"आंबट धार आहे," शेवटी तो म्हणाला. "बारीक आहे, पण आहे."

"म्हणजे गेलं?" व्हितालनं विचारलं.

"हवा लागली तर जाईल. चंबू परत ओता. आज कुणाला थेंब नाही. आणि आटून वर जी रिकामी जागा राहिलीय ती भरा. धाकट्यातनं नव्हे, गोट्यांनी. ओढ्यातले गोटे उकळून घ्या आणि एकेक सोडा, पातळी बुचाला भिडेपर्यंत."

व्हितालनं हात पुढं केला. "किल्ली दे मावशी."

तिनं गळ्यातली किल्लीची दोरी काढली. पण बासीलनं काठी मध्ये घातली.

"तिच्याकडंच राहू दे. तुला दिली तर तू निवांत झोपशील. ही झोपणार नाही. रोज सकाळी बुचाला नाक लावायचं, काय गं?"

"किती दिवस?"

"वाचलं की नाही ते कळायला तीन वर्षं लागतील. तोवर मी काही नसणार. तूच काय ते बघ."

म्हाताऱ्या पिंपाचा थेंब न पिता झालेली ती पहिलीच जत्रा. ओनोरीन बादली घेऊन चौकातनं ओढ्याकडं निघाली तेव्हा ढोल थांबले होते. तिच्या मोठ्या भावजयीनंसुद्धा तोंड फिरवलं. तिनं खाली बघत गोटे वेचले, घरी उकळले, निवू दिले.

संध्याकाळच्या आत ती तळघरात एकटी उभी होती. पहिला गोटा सोडायच्या आधी तिनं डोळे मिटले आणि वाकून, एप्रिलानंतर पहिल्यांदाच, म्हाताऱ्या पिंपाच्या तोंडाला नाक लावलं. जुन्या लाकडाचा वास आला, अक्रोडाचा आला, आणि त्याखालनं ती बारीक धारही आली. तिनं गोटा सोडला. बुडुक झालं. वाइन केसभर वर आली.

तिनं दुसरा गोटा उचलला.